दत्तारामांच्या पाठीवरचा तीळ

सासऱ्यांच्या पाठीवरचा तीळ हलला, तेव्हा श्रद्धा टॉवेल घेऊन मागेच उभी होती.

"आई, ह्या तिळाक पाय आसत!"

तेरेखोलचा किल्ला बघून मंडळी नुकतीच सर्वणला घरी परतली होती. जेवण झाल्यावर दत्ताराम किल्ल्याजवळच्या गवतावर उघड्या अंगाने खुशाल आडवे झाले होते. "गुरां चरतत थंय, निजा नकात," असं सुलोचनाबाईंनी दहादा बजावलं होतं. पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला!

सुलोचनाबाईंनी चष्मा लावला आणि कपाळावर हात मारला. "तीळ खंयचो! गोचीड ती. बरी फुगली हा."

झालं! देवळाच्या कमिटीत सगळ्यांना दरडावणारा माणूस बाकड्यावर पालथा पडून "मेलंय गो, मेलंय" करू लागला. श्रद्धाच्या नवऱ्याला, सिद्धेशला, चिमटा आणायला पाठवलं, तर तो आधी आरशासमोर स्वतःच्याच काखा तपासत बसला.

"फेणी लावल्यार आपसूक सुटता," सुलोचनाबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

कारण त्या घरात दारूचा थेंब नव्हता. दत्तारामांचा दंडकच तसा. श्रद्धाला बघायला आले तेव्हा चहाचा कप उचलायच्या आधी त्यांनी ऐकवलं होतं, "आमच्या उंबऱ्याच्या आत बाटली येत नाही." ते ऐकून तिच्या वडिलांनी, मांद्र्याच्या बाबुरावांनी, आपली काजूची बाग आहे एवढंच सांगितलं. बागेतल्या फेणीच्या भट्टीचं सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

आणि त्याच भल्या माणसाने पाठवणीच्या वेळी लेकीच्या पिशवीत एक बाटली सरकवली होती, पोटदुखीला असू दे म्हणून! ती आता कपाटात शालूखाली झोपली होती. काढावी तर बापाचं पितळ उघडं पडणार, न काढावी तर सासरा विव्हळतोय.

"शेजारी मागून बघू?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"खबरदार! उद्या गावभर होतला, दत्ताराम सोरो मागता म्हणून!"

श्रद्धाने देवाचं नाव घेतलं आणि कपाट उघडलं. ओढणीआड बाटली धरून ती बाहेर आली, तर समोरून सासूबाई येत होत्या. त्यांच्याही हातात बाटली, तिला तांदळाची कणी चिकटलेली. "गुडघ्याक चोळूची," त्या घाईघाईने म्हणाल्या. तोवर स्कूटरची डिकी उघडून सिद्धेशही हजर झाला. "ही माझी न्हय, मित्राची." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हसू दाबताना सुलोचनाबाईंना ठसका लागला.

श्रद्धाच्या बाटलीचं बूच निघालं तसा काजूचा वास खोलीभर पसरला. दत्तारामांचं विव्हळणं थांबलं. उशीतून नाक वर आलं.

"ही खंयची?"

आता लपवून काय उपयोग? "माझ्या बाबांची," श्रद्धा म्हणाली. "त्यांची भट्टी आसा. लग्नात सांगूक धीर झालो नाय." तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सुलोचनाबाईंनी चिमट्याने गोचीड अलगद उपटून काढली. पण तिच्याकडे बघतोय कोण? दत्ताराम उठून बसले. बाटली त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, बूच लावून हलवली, आतले बुडबुडे जाणत्यासारखे निरखले. मग सुनेकडे न बघताच म्हणाले, "बापाक फोन लाव."

संपलं सगळं, असं श्रद्धाला वाटलं. आता बाबांना नाही नाही ते ऐकून घ्यावं लागणार, तेही तिच्यामुळे. तिने फोन लावून सासऱ्यांकडे दिला.

"व्याही, दत्ताराम बोलतंय. तुमच्या चेडवान घरात बाटली लपवन ठेवलेली, ती आज गावली."

दत्तारामांनी बूच काढून पुन्हा एकदा खोल वास घेतला.

"पुढच्या खेपेक दोन धाडा. एक तिका लपवूक लागतली."