कोरडी फरशी

"याला होत नाही असं नाही, सिस्टर," फौजदाराच्या पोटावरचा हात काढत डॉक्टर म्हणाले. "हा करत नाहीये."

फौजदार म्हणजे या घरचा तेरा वर्षांचा कुत्रा. काल संध्याकाळी त्याच्या मणक्यातली चकती सरकली, मागचे पाय लुळे पडले, आणि तेव्हापासून तो हॉलमध्ये सतरंजीवर पडून होता. पाठ जराही वाकवायची नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे तीन जिने उतरून त्याला खाली नेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि खाली गेल्याशिवाय लघवी करायची नाही, हा फौजदाराचा नेम. कालपासून एक थेंब नाही. पोट दगडासारखं झालं होतं. सहापर्यंत झाली नाही तर मात्र पाठीचा धोका पत्करून फळीवर झोपवून दवाखान्यात आणा, गुंगी देऊन नळी घालू, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वयात गुंगीतून तो उठेलच याची खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. तेव्हा अडीच वाजले होते.

सिस्टरांनी बाह्या सरसावल्या. तेहतीस वर्षं त्यांनी वॉर्ड सांभाळला होता. ऑपरेशननंतर अडून बसलेल्या भल्याभल्यांना मोकळं केलं होतं. निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, चिडला की पोटचा मुलगाही. त्यांनी नळ बारीक सोडून ठेवला. गरम पाण्याची पिशवी पोटावरून फिरवली. खाली जुनी चादर अंथरली. लाजत असेल म्हणून तोंड फिरवून बसल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. फौजदार ढिम्म. नळाच्या आवाजानं मुलाला तेवढं दोनदा जाऊन यावं लागलं.

पाचला मुलानं फळी आणून भिंतीला टेकवली. सिस्टरांनी ती उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि सहा वाजायचे आहेत अजून, म्हणाल्या.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मान न उचलता फौजदाराचे डोळे त्यांच्या मागे फिरत होते, आणि त्या जवळ आल्या की त्याचे कान मागे पडत होते. पिल्लू असताना याच फरशीवर त्यानं एकदा ओलं केलं होतं. सिस्टरांनी त्याचं नाक तिथे टेकवून वर्तमानपत्राची गुंडाळी अशी काही आपटली होती की पुन्हा तेरा वर्षांत ती वेळ आली नाही. चारचौघांत त्या हे मोठ्या कौतुकानं सांगत. आज त्यांना त्याची लाज वाटली. वॉर्डातले पेशंट लाजायचे. हा घाबरला होता, आणि त्यांनाच घाबरला होता.

त्यांनी घमेलं उचललं. गुडघ्यांपायी जिना उतरणं त्यांनी वर्षभर जवळजवळ सोडलंच होतं. मी आणतो, म्हणत मुलगा मागे धावला, पण ऐकतील तर त्या सिस्टर कसल्या. कठडा धरून एकेक पायरी त्या खाली गेल्या आणि फौजदाराच्या रोजच्या झाडाच्या बुंध्याशी बसून हातांनी माती उकरली. वर आल्या त्या चपला न काढता. दिवसातून दोनदा पुसल्या जाणाऱ्या फरशीवर त्यांनी घमेलं पालथं केलं आणि माती फौजदाराच्या पोटाशी सरकवली. त्याचं नाक हललं. शेपटीही थोडी हलली. पण तो काही केल्या सोडेना.

मग त्या त्याच्या तोंडासमोर फरशीवरच आडव्या झाल्या.

"मी पेपर आपटला ते चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या. "होऊ दे आता."

फौजदाराला यातलं किती कळलं देव जाणे. सिस्टर त्याच्या कानांवरून हात फिरवत राहिल्या. मुलगा घड्याळ बघत होता. सहाला सात मिनिटं कमी असताना माती काळी पडायला लागली. मग चादर भिजली, मग फरशी, आणि ओघळ सोफ्याच्या पायापर्यंत गेला तरी थांबेना. सिस्टरांना रडू फुटलं. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

फौजदारानं मात्र कान पाडून डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मुलगा धावत जाऊन फडकं घेऊन आला आणि पुसायला वाकला.

"ठेव ते," सिस्टर म्हणाल्या. "आधी त्याला डोळे उघडू दे."