दसऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक

दसऱ्याला घेतलेला टीव्ही दिवाळीआधीच बंद पडला, तसा चिमणाबाईंनी तो कागलहून रिक्षात घालून कोल्हापूरला दुकानात आणला. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून मान हलवली.

"आत नारळाचं पाणी गेलंय," दुकानाचे मालक हसले. "मावशी, टीव्हीवर कुणी नारळ फोडतंय व्हय? असल्या अडाणीपणाला वॉरंटी नसती. घेऊन जावा."

चिमणाबाई हलल्या नाहीत. गल्ल्यामागच्या भिंतीवर 'दसऱ्याचे पहिले गिऱ्हाईक' म्हणून मालकांनी हौसेनं लावलेला फोटो त्यांनी स्वतःच खाली उतरवला, पदरानं पुसला आणि फोटोतल्या मालकांवर बोट ठेवलं.

"मी तर नुसती हात जोडून उभी हाय. ह्यो नारळ फोडणारा अडाणी कोण, तेवढं सांगा. मग बोलू वॉरंटीचं."