कुठं चाललाव?

मुंबईच्या गोदीत फिटर असलेल्या कुशाबाने सुट्या भागांची पेटी आणून गावी घरीच विमान बांधायला घेतले, तेव्हा सारी वाडी हसली. अशी विमाने बहुतेकांची अर्धीच राहतात, असे त्याच्या साहेबानेही सांगितले होते. "निदान कोंबड्यांना खुराडं व्हईल रे," शेजारचा रावजी म्हणाला. पण कुशाबाचे विमान पुरे झाले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कापणी झालेल्या भातशेतात ते उभे राहिले. नारळ फुटला, कुशाबा आत बसला, पंखा गरगरू लागला. एवढ्यात त्याची बायको ठकूबाई पुढे होऊन ओरडली, "अवो, कुठं चाललाव?" निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून आमच्यात कोणी विचारत नाही. विचारले की काम फिसकटते. कुशाबाने यंत्र बंद केले. "येडी का काय गो तू?" तिच्या सासूने, बयाबाईने, कपाळाला हात लावला आणि ती मुलाला म्हणाली, "आता घोटभर पानी पी रे, मग नीघ." ठकूबाईने तांब्या दिला, पण नवऱ्याचे मनगट घट्ट धरून ठेवले. "वर जाल वो, पन उतराल कुठं? हिकडं बांध, तिकडं सावित्री नदी, म्होरं आंबेनळीचा डोंगर." कुशाबाने चारी बाजूंना पाहिले. "उतरायचं ध्यानातच नाय आलं," तो हळूच म्हणाला. "मंग पुरं कुठं झालंय?" ती म्हणाली. कुशाबाचा चेहरा एकदम खुलला. त्याने टुणकन खाली उडी मारली आणि जमलेल्या लोकांवरच खेकसला, "तेच सांगतोय मी कवापासून! काम बाकी हाय अजून. जावा घरी!"