टेकाडावरची शेवटची

नातीचे दोन्ही पाय एका मुठीत पकडून फोल्कवीने तिला पाण्याच्या बादलीवर उलटं धरलं होतं. तिसरी मुलगी. जन्माला येऊन घटकाही झाली नव्हती. बाळंतीण एबा पेंढ्यावरून उठू पाहत होती, पण पायांत बळ नव्हतं.

"आत्याबाई, नका हो! पुढच्या वेळी मुलगाच होईल."

"दुसरीच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

तेवढ्यात कुथविन धापा टाकत आत शिरला. समुद्रापलीकडून आलेला हा धर्मप्रचारक फ्रिसियाच्या या टेकाडावर सात वर्षं राहत होता. इथले नियम त्याला पाठ होते. फळीवरच्या मडक्यात त्याने बोट बुडवलं आणि लोंबत्या पोरीच्या तोंडात घातलं. मध होता. पोरीने बोट चोखलं.

फोल्कवीचा हात थांबला. ज्याच्या तोंडाला अन्नाची चव लागली, ते मूल माणसांत जमा झालं. त्याला मारलं, तर समुद्र टेकाडावर चढतो आणि मारणाऱ्याचं घर घेऊन जातो. लहानपणी तिने असं एक घर जाताना पाहिलं होतं.

"टकल्या, आमच्याच नियमाने मला बांधलंस की रे!"

"नियम कुणाचा का असेना, आजी. जीव वाचला."

तिने पोर एबाच्या कुशीत टाकली. मग कुथविनपुढे गुडघे टेकून म्हणाली, "मलाही घे तुझ्या देवात."

कुथविनचे डोळे भरून आले. सगळ्या टेकाडाने बाप्तिस्मा घेतला होता. उरली होती ही एकटी. दिसेल तिथे ती त्याच्यावर मासळीची आतडी फेकायची.

"जुने देव सोडलेस?"

"सोडले."

"आणि त्यांचे नियम?"

"कुठले?"

"सगळे. त्यांत काही बळ नाही."

"एकातही नाही?"

"एकातही नाही."

"शपथ घे."

कुथविनने गळ्यातला क्रूस मुठीत धरून शपथ घेतली.

"मग सोडले," फोल्कवी म्हणाली.

घरात गोडं पाणी तेवढंच होतं. त्याने बादलीवर क्रूसाची खूण केली आणि तिच्या डोक्यावर तीनदा ओंजळ रिती केली. मग आनंदाने तो बाहेर धावला. "या रे, या! फोल्कवीसुद्धा आली!" दारोदार त्याच्या हाका ऐकू येऊ लागल्या.

फोल्कवीने ओले केस पिळून मागे टाकले. एबाच्या कुशीतून पोर उचलली, पुन्हा दोन्ही पाय एका मुठीत घेतले.

"रडू नकोस गं," ती सुनेला म्हणाली. "आता समुद्र नाही यायचा."