एकट्याची हरकत

नगरपालिकेच्या सुनावणीत साहेबांनी विचारलं, "ओटे बंद करून खोल्या काढायला कुणाची हरकत आहे?"

माझ्या एकट्याचा हात वर गेला.

"नाना, ओट्यावर हल्ली बसतं कोण?" शेजारचे खटावकर म्हणाले. "सुनेचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात ठेवलंय. तुमच्यासारखं रिकामं घर नाही आमचं."

मी जुना नियम वाचून दाखवला. गल्लीची शोभा राहावी म्हणून घरापुढचा ओटा उघडाच ठेवायचा. खरं तर शोभेचं मला काही पडलेलं नव्हतं. आमचे ओटे एकमेकांना लागून. तीस वर्षं खटावकर सकाळी एक पाऊल टाकून माझ्याकडे यायचे, माझा पेपर वाचायचे आणि राजकारणावरून माझ्याशीच भांडायचे. ही गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं. मध्ये भिंत आली तर तेही संपलं असतं.

हरकत मान्य झाली.

एक तारखेला सकाळी मी दोन कप चहा घेऊन बाहेर बसलो. पेपरवाल्याने एक पेपर माझ्याकडे टाकला आणि दुसरा खटावकरांच्या ओट्यावर. ते बाहेर आले, माझ्याकडे न बघता पेपर उचलून आत गेले. ओटा उघडाच राहिला.