बाबूच्या टॅक्सीचा आवाज

त्रेसष्टच्या पावसात आंबोलीच्या घाटात बाबूची टॅक्सी दरीत गेली. "माणूस गेलो, आणि इंजिनाक साधो ओरखडो नाय," असं म्हणत त्याच्या थोरल्या भावाने, गुरुदासने, ते इंजिन आणि गिअरबॉक्स परसातल्या मांगरात, अवजारांच्या खोपीत, आणून झाकून ठेवलं. पण घर चालायला गाडी हवीच होती. चार महिन्यांनी त्याने रेडीहून भंगारातली एक जीप आणली, मांगराच्या तुळईला साखळी टांगली आणि जीपचं निकामी इंजिन उतरवून तिला बाबूचं बसवायला घेतलं.

त्यांच्या आईला, हौसाबाईला, दिसत नव्हतं. बाबू होता तेव्हा तळ्याच्या वळणावर टॅक्सीचा घोगरा आवाज आला की ती त्याच्या बायकोला, यशोदाला, पान मांडायला सांगायची. दारात इंजिन बंद झालं की कान पायऱ्यांकडे लावून बसायची. बाबू लगेच वर यायचा.

पंधरा दिवसांनी काम संपलं. गुरुदासने हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा पूर्वीसारखंच घोगरं चालू झालं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "यशोदा, बाबू इलो गो. तेका जेवूक वाढ."



 

गुरुदासने चावीकडे नेलेला हात मागे घेतला, आणि टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन बंद केलं नाही.