चाळीस जॅकेटं

गेल्या वर्षी साहेबांनी गोदामातल्या माणसांसाठी गडद निळी जॅकेटं पसंत केली, कारण त्यांच्यावर मळ दिसत नाही. चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या गल्लीच्या वळणावर एक हमाल फोर्कलिफ्टखाली सापडून जिवानिशी गेला. फोर्कलिफ्ट अण्णा चालवत होते. वीस वर्षांत त्यांच्या हातून साधं खोकं फुटलं नव्हतं. "साहेब, तो मला दिसलाच नाही हो," एवढंच ते सांगत राहिले.

यंदा नवी जॅकेटं निवडायचं काम साहेबांनी कोणावर सोपवलं नाही. आठ नमुने मागवले, एकेक स्वतःच्या अंगात घालून गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला उभे राहिले आणि प्रत्येक वेळी तिथून अण्णांनाच विचारलं, "दिसतोय का मी?" शेवटी चमकत्या पट्ट्यांचं भडक नारिंगी जॅकेट ठरलं. मापं घेऊन चाळीस जणांना चाळीस जॅकेटं वाटली, आणि साहेबांना कित्येक दिवसांनी धड झोप लागली.

आठवड्याभराने ते फेरी मारत तिसऱ्या गल्लीत आले. वळणावर अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. पुढे चिटपाखरूही नव्हतं. अण्णा घटकाभर थांबले, कोणाला तरी वाट द्यावी तसे, आणि मग गाडी पुढे घेऊ लागले.

साहेब जवळ गेले. "अण्णा, गल्ली तर रिकामी आहे. कोणासाठी थांबलात?"

अण्णांनी मान वर केली नाही.

 

"त्याच्यासाठीही एक मागवायला हवं होतं, साहेब. तो अजून ऐनवेळीच दिसतो मला."